मोठी, मधली की धाकटी

सासुरवाडीला जेवायला बसलो की पहिला घास तोंडात जायच्या आत मला एक प्रश्न विचारला जायचा. "मग, मोठी का मधली का धाकटी?" नवख्या माणसाला वाटावं, घरात तीन मुली आहेत आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरतंय. प्रश्न रेल्वेचा होता. दोन रुळांमधलं अंतर किती असणार हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी म्हटलं की सासरे भाकरी मोडता मोडता थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा जेवू लागायचे.

निपाणीला रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती. तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाली पोती, बैलगाडीत भरून कोल्हापूरच्या नाहीतर चिकोडी रोडच्या स्टेशनापर्यंत न्यायचे, ही तिथली रीत. लाईन येणार अशी आवई मात्र दर काही वर्षांनी उठायची, आणि त्या वर्षी आवईच्या मागोमाग खरोखरच तंबू आले. ओढ्याच्या काठी सर्व्हेची तुकडी उतरली. त्या तुकडीत नकाशे उतरवून काढण्याचं काम माझ्याकडे होतं. मी अनगोळचा, बेळगावात मॅट्रिकपर्यंत शिकलेला. हात सरळ म्हणून नोकरी लागली, आणि नशीब असं की तंबू पडले ते माझ्या सासऱ्यांच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर.

सासरे माझ्या आईच्या नात्यातले, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. बायको लग्नापूर्वीपासून त्यांना आप्पा म्हणायची, तशी पुढंही म्हणत राहिली. मामांची जुनी विहीर मार्गशीर्षातच तळ दाखवायची. मेव्हण्यानं सांगून टाकलं होतं की या वर्षी शेताला पाणी झालं नाही तर तो बेळगावला जाऊन कुठंतरी चिकटणार. म्हणून मामांनी पाणाड्या आणला. जमिनीखालचं पाणी सांगणारा तो माणूस हातात बेचक्याची काठी धरून सगळं रान फिरला आणि एकाच ठिकाणी थांबला. ती जागा शेताच्या पूर्वेच्या बांधाला अगदी लागून होती. त्याच बांधाच्या पलीकडून, शेजारणीच्या शेतातून, आमच्या साहेबांनी लाईनीच्या मधरेषेच्या खुंट्या ठोकल्या होत्या.

आता मामांचा प्रश्न कळेल. लाईन धाकटी असेल तर सरकार थोडी जमीन घेईल आणि विहिरीची जागा वाचेल. मोठी असेल तर बांध ओलांडून आत येईल, आणि खणलेली विहीर सरकारजमा होईल. पावसाच्या आत खणायची तर लगेच सुरुवात करायला हवी. घरात जावई रेल्वेचा. विचारायचं दुसऱ्या कुणाला?

मी त्यांना खरं सांगत होतो. साहेबांना दोन्ही मापांचा खर्च काढून वर पाठवायचा होता. आमच्या भागात सगळीकडे मीटरभर रुंदीची लाईन, तीच मधली. पण पुढंमागं सगळं मोठं करायचं सरकारच्या मनात आहे असं म्हणत. निर्णय कुठल्या तरी लांबच्या कचेरीत व्हायचा होता. शिवाय मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, आणि तिथंच सगळं बिघडलं. मी म्हणालो, "मामा, रुळांतलं अंतर आणि सरकार घेईल ती जमीन यांचा तसा फारसा संबंध नसतो."

ते हसले. "व्हय व्हय. चपलंचा आन पायाचा संबंध नसतोय तसा."

मी खळ्यावर पडलेली मऊ माती ओंजळीनं ओतून दाखवली. ढीग उंच होत गेला तसा पायथा पसरत गेला. लाईन जमिनीवर तशीच ठेवत नाहीत, आधी मातीचा भराव करतात. ओढ्याजवळ भराव उंच लागेल, उंच म्हणजे खाली रुंद, आणि त्याला माती लागते ती दोन्ही बाजूंना खड्डे काढून घेतात. भरावावर खडी, खडीवर लाकडी स्लीपर, स्लीपरवर रूळ. खडी का, तर पाणी निचरून जावं आणि गाडीचा भार एका जागी न पडता पसरावा. मधली आणि मोठी यांत रुळांचा फरक दोन-सव्वादोन फुटांचा. भरावाच्या उंचीनं फरक पडतो तो कितीतरी जास्त.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाले, "तुजा नवरा सायबाचं मीठ खातोय. खाऊ दे. पर आमाला माती दाखवून फसवाया लागलाय."

त्या दिवशी बायको माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "ठाऊक नसलं तर मान खाली घालून का सांगता?"

तिचं चुकलं नव्हतं. अपराधी दिसणं हा माझा जन्मजात गुण आहे. तिकीट खिशात असलं तरी तपासनीस दिसला की मी खिसा चाचपतो. शाळेत कुणाची पेन्सिल हरवली की मास्तर आधी माझ्याकडे बघायचे, कारण माझा चेहरा आधीच उतरलेला असायचा. खरं बोलताना माझी नजर खाली जाते, आणि मामांसारख्या माणसाला तेवढं पुरे होतं.

मामांनी ठरवलं की आपणच मोजायचं. मला घेऊन ते सर्व्हिस मोटारीनं कोल्हापूरला आणि तिथून गाडीनं मिरजेला आले. मिरजेला मधली लाईन होती आणि पलीकडच्या फलाटाला धाकटी, अडीच फुटांची, खेळण्यातली वाटावी अशी. मोठी बघायची तर पुण्याला जावं लागलं असतं. बरोबर त्यांनी बैलाचा कासरा आणला होता. फलाटाच्या टोकाला गर्दी नव्हती तिथं ते रुळांवर उतरले आणि एका रुळाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत कासरा ताणून गाठ मारू लागले.

"असं नाही मामा," मी म्हणालो. "आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं. चाकाची कड आतून धावते."

"भाईरनं का मोजायचं न्हाय?"

"तशी पद्धत आहे."

"पद्धत," ते म्हणाले, आणि त्यांनी दोन्हीकडून मोजून दोन गाठी मारल्या. मी काही लपवत असलो तर ते दोन्ही गाठींच्या मधे सापडेल असा त्यांचा हिशेब असावा.

मग त्यांचं लक्ष रुळांच्या सांध्याकडे गेलं. एक रूळ संपून दुसरा सुरू होतो तिथं बोटभरही नाही अशी फट होती. ते वाकून बघत राहिले. पुढच्या सांध्यापर्यंत चालत गेले. तिथंही फट.

"लोखंड खाल्लंय कुनीतरी," ते म्हणाले. "परत्येक ठिकाणी थोडं थोडं. सरकारला पत्त्या न्हाय."

"मामा, बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवतो. का तापवतो?"

"फुगावी म्हून."

"मग उन्हात रूळही फुगणार. फट ठेवली नाही तर फुगून वाकडा होईल."

त्या दिवसात त्यांनी माझं पहिल्यांदा ऐकलं. ते रुळाला हात लावून म्हणाले, "ह्यो खरं बोलला." जणू बाकीचं सगळं खोटं होतं.

तेवढ्यात रेल्वेचा पोलीस आला. "ए म्हाताऱ्या, काय मोजतोयस?"

"अंतर."

"कुणाचं?"

"तुमचंच की. सरकारचं."

मी पुढं होऊन मी कोण ते सांगायला लागलो आणि नेहमीसारखा अडखळलो. पोलिसानं कासऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा तुमचा कोण?"

"जावई."

"मग हा का थरथरतोय?"

"तसलाच हाय त्यो," मामा म्हणाले. "लग्नातबी थरथरत हुता."

पोलीस हसला आणि आम्हाला वर चढायला सांगून गेला. येताना गाडीत मामा खुशीत होते, पण उतरल्यावर त्यांनी विचारलंच. "पोलिसाला भिऊन न्हाय सांगितलं का? आता सांगा. मोठी का मधली?"

पुढच्या आठवड्यात बांधाजवळची एक खुंटी तिच्या जागी नव्हती. ती होती, पण बरोबर बांधाच्या डोक्यावर, म्हणजे मूळ जागेपासून मामांच्या शेताकडे सरकलेली. सकाळी साखळी घेऊन माणसं पुढं गेली होती. मी कागद आणायला मागं राहिलो होतो म्हणून माझ्याच नजरेला ते पडलं. मला पहिला संशय मामांचा आला. मग वाटलं, मामा खुंटी स्वतःच्या शेताकडे कशाला सरकवतील? तरी संशय गेला नाही. त्यात काहीतरी डाव असेल, माझ्या लक्षात न येणारा, असं मला वाटत राहिलं. त्या दिवसांत प्रत्येकजण दुसऱ्याला स्वतःपेक्षा हुशार समजत होता.

मी मागच्या पुढच्या खुंट्यांची सरळ रेघ डोळ्यानं साधली, फीत धरली आणि खुंटी उपटून तिच्या मूळ भोकात ठोकली. भोक तिथं स्पष्ट दिसत होतं. चूक दुरुस्त करतोय एवढंच डोक्यात होतं. वर बघितलं तर शेजारीण उभी.

तिला सगळे आक्का म्हणत. जैन शेतकऱ्याच्या घरची, नवरा गेलेला, मुलगा कोल्हापुरात एका दुकानात. घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी. एकटीनं शेत करायची आणि चांगलं करायची. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं म्हणून दुपारपासूनच तिची घाई चाललेली असायची, पण त्या क्षणी तिला कसलीच घाई नव्हती.

"बसला का नीट?" तिनं विचारलं.

"आक्का, ही खुंटी कुणीतरी हलवली होती. मी जागेवर ठोकली."

"मीच हलवली हुती," ती म्हणाली. "बांधावर ठोकली. निम्मं तुमचं जाईल, निम्मं माजं. हे काय वाईट केलं? तुमी ती माज्या शेतात घातलासा."

"आधी ती तिथंच होती."

"हौदा?" म्हणजे, असं का? ती तेवढंच बोलली. आपल्या डोळ्यांनी तिनं बघितलं होतं: मामांचा जावई, एकटा, खुंटी उपटून तिच्या शेतात रोवतो आहे.

दोन दिवसांनी ती तंबूत आली आणि साहेबांशी कानडीत बोलली. साहेब मद्रासकडचे, मराठी येत नव्हती, कानडी बऱ्यापैकी यायची. बेळगावच्या माणसाला कानडी न समजायला काय झालं? मी पडद्याच्या आड रेघा मारत बसलो होतो आणि प्रत्येक शब्द ऐकत होतो. आपण स्वतः खुंटी हलवली हेही तिनं लपवलं नाही. एवढंच म्हणाली की ह्या माणसाची सासुरवाडी बांधापलीकडे आहे, याची चौकशी करा.

साहेबांनी त्याच दुपारी दुर्बीण लावून ती खुंटी तपासली. खुंटी रेषेत होती. त्यांनी तिला ते दाखवलं. दुर्बिणीतून बघून ती म्हणाली, "यंत्र तुमचं, माणूस तुमचा," आणि निघून गेली.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "खुंटी बरोबर आहे. पण ती तू एकट्यानं का ठोकलीस? मला का बोलावलं नाहीस?" खरं उत्तर असं की मामांचं नाव निघेल म्हणून मी भ्यालो होतो. मामांनी काहीच केलं नव्हतं, तरी भ्यालो होतो. साहेबांनी मला खानापूरकडे स्लीपरची लाकडं बघायच्या कामावर पाठवलं. शिक्षा म्हणून नाही, असं ते म्हणाले.

निघायच्या दिवशी मामा गाडीअड्ड्यावर सोडायला आले. मेव्हणाही होता. मामांनी शेवटचं विचारलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचा कंटाळा आला. साहेबांच्या नकाशात ओढ्यापुढचं वळण मी उतरवलं होतं. ते जरा आवळलेलं होतं, आणि रुंद लाईनीला इतकं आवळलेलं वळण सोसत नाही असं मी ऐकलं होतं. एवढ्याच आधारावर मी म्हणालो, "मधली असेल."

"मधली," मामा म्हणाले. पुढं काही विचारलं नाही.

आठवड्याच्या आत त्यांनी विहिरीला हात घातला. सुरुंगाचे आवाज तंबूपर्यंत यायचे असं मागाहून कळलं. पाणाड्या खरा ठरला. मृगाच्या आत पाणी लागलं, गोड आणि भरपूर. मेव्हणा बेळगावला यायचं नाव काढेना. मी खानापूरच्या आगारात लाकडावर हातोडी मारून पोकळ आहे का भरीव ते ऐकायला शिकत होतो. बायकोचं पत्र आलं, तेव्हा एकट्यानंच हसलो. मला वाटलं, निदान एक गोष्ट नीट झाली.

पण गावानं त्या विहिरीचा वेगळा अर्थ लावला. माहीत नाही असं मी दोन महिने ओरडून सांगितलं होतं, त्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता. मामांनी विहीर खणली त्यावर सगळ्यांचा बसला. जावई रेल्वेत आहे, खात्री असल्याशिवाय कोण बांधाला लागून विहीर खणतो? म्हणजे लाईन मामांकडे येणार नाही, आक्कांच्या शेतातून जाणार. आक्कांनी तर खुंटी आपल्या शेतात जाताना डोळ्यांनी बघितली होती. बाईमाणसानं कचेरीत खेटे घालून सरकारी मोबदला कधी मिळवायचा, या भीतीनं तिनं बांधालगतचा पट्टा मामांनाच विकून टाकला. तिचं म्हणणं सरळ होतं: "तुमचा जावई त्यात हाय. तुमाला मिळंल. मला कोण इचारतंय?"

लाईन आली नाही. त्याच वर्षी तंबू उठले, कागद वर गेले आणि वरच राहिले. खुंट्या कुणाच्या चुलीत गेल्या कुणास ठाऊक. तो पट्टा मामांच्या विहिरीच्या पाण्यावर मिरची पिकवू लागला. दरवर्षी माघात त्या मिरचीचं एक पोतं आमच्या अनगोळच्या घरी यायचं. लाल, पातळ सालीची, चांगली मिरची. बायको ती वाळवायची आणि शेजारीपाजारी कौतुकानं वाटायची.

मी वर्षानुवर्षं ती मिरची खाल्ली, आणि खाताना एक गोष्ट डोक्यातून जात नसे. आम्ही कट केला नव्हता. खुंटी मी जागेवरच ठोकली, मामांनी पाण्यासाठी विहीर खणली, आक्कांनी आपण होऊन जमीन विकली. पण कट केला असता तर जे मिळालं असतं, ते सगळं आम्हाला मिळालं होतं. अशा वेळी माणसानं स्वतःला निर्दोष कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि त्याखाली आणखी एक शंका होती. मामांना नक्की काय वाटलं होतं? माझ्या "मधली"वर विसंबून त्यांनी विहीर खणली आणि पट्टा घेतला, की आणखी काही? आक्कांना ते त्या विहिरीतून फुकट पाणी द्यायचे. उन्हाळ्यात तिची पाळी आपल्या पाळीच्या आधी लावायचे. शेजारधर्म म्हणून गाव वाखाणायचं. मला त्या चांगुलपणाचाच संशय यायचा.

दुसरी मोठी लढाई संपून दोन-अडीच वर्षं झाल्यावर एकदा आम्ही दोघंच विहिरीवर होतो. मोट चालली होती. मी विचारलं, "मामा, मी मधली म्हणालो म्हणून तुम्ही विहीर खणलीत?"

ते पाटाकडे बघत राहिले. "तुमी मधली म्हनालासा तवाच मला कळलं, तुमास्नी कायसुदीक ठाऊक न्हाय."

"मग?"

"ठाऊक असतं तर तुमी सांगितलंच नसतं. तसलं मानूस न्हाय तुमी. पाणी पायजे हुतं, खणली. पोरगं चाललं हुतं."

"आणि आक्कांचा पट्टा?"

मोट वर आली, पाणी पाटात पडलं, बैल मागं सरले. मग ते म्हणाले, "सरकारला खरंच जागा घ्यायची असली की दगूड रवत्यात. त्यांनी लाकडं रवली हुती. मला वाटलंच हुतं, हे काय येत न्हाय."

"तिला सांगितलंत?"

"तिनं इचारलं न्हाय. मी सांगितलं न्हाय."

एवढं बोलून ते बैलांकडे गेले. मला दोन महिने रोज रेल्वेचा प्रश्न विचारला जात होता; आक्कांनी मामांना तो एकदाही विचारला नाही म्हणून त्यांची जमीन गेली. मामांचा मला राग आला नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. कारण इतकी वर्षं जे माझ्या अंगावर होतं, ते आता दोघांत वाटलं गेलं होतं.

घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की आक्कांना सगळं सांगून टाकणार आहे. ती मिरच्यांची देठं काढत होती.

"आप्पांनी चोरी केली म्हणता?"

"चोरी नाही म्हणत."

"शेत आता दादा बघतोय. पट्टा परत देणार हाय त्यो?"

"नाही देणार. मी त्याला विचारलं."

"मग सांगून काय व्हणार?"

"मला झोप लागेल."

"म्हंजे तुमच्यासाठीच," ती म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.

तिचं म्हणणं बरोबर होतं, तरी मी गेलो. नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं. निपाणी कुठल्या प्रांतात जाणार, मुंबईत राहणार का कर्नाटक नावाचं काही वेगळं होणार, यावर चहाच्या दुकानांतून वाद चालायचे, आणि आता आपलं सरकार आहे तेव्हा लाईन येणारच असंही कुणीतरी म्हणायचं. आक्का थकल्या होत्या. मुलगा कोल्हापूर सोडून येत नव्हता. उरलेला तुकडा माझ्या मेव्हण्याला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. बोलणी झाली होती.

मी उंबऱ्याशी बसलो आणि एकही गोष्ट न गाळता सांगितलं. खुंटी, तंबू, गाडीअड्डा, मी अंदाजानं बोललेला शब्द, मामांनी तो अंदाज आहे हे ओळखलं होतं हे, आणि लाईन येणार नाही असं त्यांना आधीच वाटत होतं हे. माझी नजर खाली होती. ती वर करून बोलायचा मी प्रयत्न केला, जमलं नाही.

आक्कांनी विचारलं, "हे आता कशापायी सांगाया आलासा?"

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"इतकी वरसं नको हुतं?"

"हवं होतं."

"मग आत्ताच का?" त्यांनी मान पुढं काढून माझा चेहरा नीट बघितला. "मी तुकडा इकाया काढला तवाच?"

मी म्हणालो की त्याचा याच्याशी संबंध नाही. असं म्हणतानाच मला कळलं की हे वाक्य कसं ऐकू जात असेल. त्यांनी मला ताक दिलं, ते मी प्यायलो, आणि त्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. तिथं उभं राहून त्यांनी आपल्या शेताकडे, मग मामांच्या विहिरीकडे बघितलं आणि मनाशी मान हलवली. मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं असावं.

चार दिवसांनी मेव्हणा अनगोळला आला. मोटारीतून उतरून तडक घरी. त्यानं पाणीही घेतलं नाही.

"आक्काला काय सांगितलासा?"

"खरं ते."

"मग ती इकंना का झाली? लेकाला बोलावून घेतलंय. म्हंती, एक वीतबी देणार न्हाय."

"लाईन कधी येणारच नव्हती, एवढंच मी सांगितलं."

तो पाटावर बसला. मग त्यानं दाराकडे नजर टाकली, बहीण आत आहे याची खात्री केली आणि आवाज उतरवून विचारलं, "दाजी, मला तरी सांगा. कुठनं जाणार हाय? आपल्या अंगानं का तिच्या?"

मी त्याला शपथेवर सांगितलं की कुठूनच जाणार नाही. ते ऐकून तो उठला, चहा न घेता परत गेला, आणि त्यानं आपलाही एक तुकडा, जो आक्कांचा तुकडा घ्यायला पैसे हवेत म्हणून तो विकायच्या विचारात होता, विकायचा नाही असं ठरवलं. आक्कांचा तुकडा आक्कांकडेच राहिला. त्यांचा मुलगा येऊन तो करतो. पट्टा अजून आमच्याकडे आहे.